स्कूटर सुरू केल्यावर स्टँडवर किती वेळ तापवायची?

सायली_स

नमस्कार मंडळी. आमच्या घरातला रोज सकाळचा एक वाद तुमच्यापुढे ठेवते आहे.

माझ्याकडे १२५ सीसीची स्कूटर आहे. इंजेक्शनवाली, एअरकूल्ड, ३ वर्षांची. सकाळी सव्वासहाला मी निघते. सासरे माझ्या आधी खाली जातात, गाडी डबल स्टँडवर चढवतात, सेल्फ मारतात आणि ५ मिनिटं चालू ठेवतात. मधूनमधून एक्सलेटर पिळून तिला जागी करतात. थंड इंजिनावर बसून निघालं की इंजिन झिजतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी ३० वर्षं टू-स्ट्रोक स्कूटर वापरली आणि तिचं बोअर (झिजलेलं सिलिंडर आतून घासून घेणं) एकदाही करावं लागलं नाही, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन आहे. आणि हे सगळं ते माझ्यासाठी करतात हेही मला कळतं.

नवरा म्हणतो, इंजेक्शनच्या गाडीला यातलं काही लागत नाही, बटण दाब आणि नीघ. वरच्या मजल्यावरच्या काकूंची खिडकी नेमकी पार्किंगच्या वर आहे, त्यांना आवाजाचा आणि धुराचा त्रास होतो. माझा प्रवास म्हणाल तर जेमतेम अडीच किलोमीटरचा. म्हणजे गाडी जेवढा वेळ पळते, जवळजवळ तेवढाच वेळ आधी उभी राहून तापते.

तर नक्की किती थांबायचं? ५ मिनिटं, १ मिनिट की अजिबात नाही? कारणासकट सांगा. नुसतं 'गरज नाही' असं सांगितलं तर बाबा ऐकून घेतील आणि उद्या सकाळी पुन्हा खाली जातील.

चक्रधर

अजिबात नाही. बटण दाबा आणि निघा. माझ्या गाडीचे ७० हजार किलोमीटर झालेत, इंजिन अजून उघडलेलं नाही.

नीलमोहर

मी हेल्मेट गाडी सुरू केल्यावर घालते. पट्टा लावून, आरसा नीट करून होईपर्यंत जेवढा वेळ जातो तेवढाच. वेगळं थांबत नाही.

जुनी_किक

चक्रधर, तुमच्याशी असहमत. सायलीताईंच्या सासऱ्यांची बाजू घेणारं इथे कोणीतरी हवं म्हणून लिहितो.

माझी गिअरची टू-स्ट्रोक होती. एका सकाळी उशीर झाला होता, गाडी पहिल्या किकला सुरू झाली आणि मी तशीच चढावर घातली, एक्सलेटर पूर्ण पिळून. दीडेक किलोमीटर गेलो असेन. आधी आवाज बारीक झाला, मग गाडी मागून कोणी धरून ठेवावी तशी ओढायला लागली आणि पुढच्याच क्षणी मागचं चाक जागच्या जागी थांबलं. रस्त्यावर हातभर काळी रेघ. सवयीने क्लच दाबला गेला म्हणून पडलो नाही.

मेकॅनिकने पिस्टन काढून हातात दिला. त्यावर चार ठिकाणी उभे ओरखडे, जवळपास सारख्या अंतरावर. बाकीचा पिस्टन नव्यासारखा चकचकीत. ऑइल बरोबर टाकलेलं होतं, ट्यूनिंग बरोबर होतं. तो एवढंच म्हणाला, "थंड पिळलीत ना?"

तेव्हापासून थांबल्याशिवाय मी कुठलीच गाडी हलवत नाही. सायलीताई, तुमचे सासरे हे असं काहीतरी पाहिलेले आहेत.

चक्रधर

जुनी_किक, वाचून अंगावर काटा आला. पण तुमची गाडी थांबला नाहीत म्हणून धरली की पूर्ण पिळलीत म्हणून?

अभियंता_निवृत्त

चक्रधर यांनी अगदी नेमका प्रश्न विचारला आहे. त्याचं उत्तर धातूंच्या प्रसरणात आहे.

पिस्टन ॲल्युमिनिअमचा असतो. जुन्या टू-स्ट्रोकचं सिलिंडर बहुतेक ओतीव लोखंडाचं. तापल्यावर ॲल्युमिनिअम ओतीव लोखंडाच्या साधारण दुप्पट फुगतं. ५० मिलिमीटरचा पिस्टन धरा आणि तापमान १०० अंशांनी वाढलं असं समजा. पिस्टनचा व्यास सुमारे ०.११ ते ०.१२ मिमी वाढेल, त्याच तापमानाला सिलिंडरचा ०.०६ मिमीच्या आतबाहेर. दोघांमधली फट मुळात मिलिमीटरच्या काही शतांश भागांची. तरी रोज गाडी जाम होत नाही, कारण हा फरक लक्षात घेऊनच ती फट ठेवलेली असते.

घात होतो तो एक धावत पुढे गेला आणि दुसरा मागे राहिला तर. ज्वाला पिस्टनच्या डोक्यावर पेटते, त्यामुळे तो लगेच तापतो. सिलिंडर जाड असतं, त्याला बाहेरून धातूच्या पातळ पट्ट्या (फिन) असतात आणि वारा लागत असतो, ते सावकाश तापतं. थंड इंजिन पूर्ण पिळलं की पिस्टन फुगून बसतो आणि सिलिंडर अजून आकसलेलंच असतं. पिस्टन सगळीकडे सारखा फुगत नाही. जिथे धातू जाड असतो, म्हणजे पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनेच्या दोन्ही बाजूंना, तिथे तो जास्त फुगतो. त्यातूनच जुनी_किक यांनी पाहिलेले ते चार ओरखडे येतात. याला थंड सीझ म्हणतात.

म्हणजे अनुभव शंभर टक्के खरा. पण त्यातून निघतो तो नियम असा की थंड इंजिनावर भार हळूहळू वाढवावा. स्टँडवर ५ मिनिटं उभी करा असं त्यातून निघत नाही. स्टँडवर १ मिनिट ठेवून मग चढावर पूर्ण पिळली असती तरी धोका होताच.

जुनी_किक

हे पिनेपाशी जास्त फुगण्याचं आज कळलं. इतकी वर्षं तो पिस्टन मी खिडकीत ठेवला आहे आणि ओरखडे चारच का, हा प्रश्न कधी मनात आला नाही. धन्यवाद काका.

शून्य_प्रहर

पण सायली यांची गाडी फोर-स्ट्रोक आहे. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच आत येतं. फोर-स्ट्रोकमध्ये रात्रभरात सगळं ऑइल खाली चेंबरमध्ये निथळतं आणि सकाळी हेडपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या वरच्या टोकापर्यंत, पंपाने चढवावं लागतं. तेवढा वेळ तरी दिलाच पाहिजे ना?

अभियंता_निवृत्त

दिला पाहिजे, पण तो वेळ सेकंदांत मोजायचा आहे. पंप फिरायला लागला की लहान इंजिनात ऑइल काही सेकंदांत हेडला पोहोचतं. शिवाय सगळं ऑइल निथळत नाही, बेअरिंगवर आणि कॅमवर पातळ थर रात्रभर राहतो.

ऑइलच्या डब्यावर १०डब्ल्यू-३० लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ बरेच जण उलटा लावतात. ते ऑइल थंडीत पातळ असतं आणि तापल्यावर घट्ट होतं, असं नाही. ते थंडीत घट्टच असतं, फक्त साध्या ३० नंबरच्या ऑइलइतकं घट्ट होत नाही. १०० अंशांना ते जेवढं घट्ट असतं, त्याच्या सहा-सात पट ४० अंशांना असतं. सकाळी इंजिन ४० अंशांनाही नसतं, मग विचार करा. घट्ट ऑइल पोहोचतं, पण बारीक फटींतून सहज वाहत नाही. म्हणून पहिली काही मिनिटं जपून चालवायची.

गोगलगाय

मी थंडीत गाडी लवकर तापावी म्हणून स्टँडवर रेस करते. १ मिनिटात काम होतं. हे चालेल का?

तेलकट_हात

नाही. कृपा करून नका करू.

मी २२ वर्षं स्कूटर उघडतोय. इथे वाचत असतो, लिहितो कमी. पण हा विषय माझ्या हाताखालचा आहे.

स्टँडवर रेस केली की दोन गोष्टी बिघडतात. पहिली काकांनी सांगितलीच, थंड इंजिनाला एकदम फेरे दिले जातात. दुसरी मागच्या बाजूला. स्कूटरला क्लचची दांडी नसते, आत सेंट्रिफ्युगल क्लच असतो. आयडलिंगला इंजिन मिनिटाला साधारण १,६०० ते १,८०० फेरे घेतं, तेव्हा क्लचचे शू आत मिटलेले असतात. फेरे २,५०० ते ३,००० च्या आसपास गेले की शू बाहेर फेकले जातात आणि बेलला, म्हणजे भोवतीच्या लोखंडी वाटीला, पकडतात. चाक हवेत मोकळं असतं, ते गरगर फिरायला लागतं. मग माणूस एक्सलेटर सोडतो आणि चाक थांबवायला ब्रेक दाबतो. पुन्हा पिळतो, पुन्हा दाबतो. शू घासतात, बेल तापते, बेल्टला झटके बसतात. काही गाड्यांची बेल निळी पडलेली असते. तापून लोखंड निळं पडतं ना, तसं. गिऱ्हाईक म्हणतं, मी तर गाडी सावकाश चालवतो.

सायलीताई, बाबांना एवढं नक्की सांगा. ५ मिनिटांपेक्षा ते मधूनमधून पिळणं मला जास्त खटकलं.

रानवाट

तेलकट_हात यांच्या म्हणण्याला पुष्टी देणारा अनुभव. कार्बोरेटरची गाडी, चोक ओढलेला, डबल स्टँडवर. चोकवर फेरे आपोआप वाढतात. मी दाराला कुलूप लावायला गेले. जमीन उताराची होती, स्टँड नीट बसला नव्हता. चाक फिरत होतंच, गाडी थोडी हलली आणि चाक टेकल्याबरोबर स्टँडवरून उतरून सरळ भिंतीवर गेली. मुलगा दप्तर घेऊन अगदी बाजूला उभा होता. त्याला काही झालं नाही, पण तो आवाज मी विसरले नाही. तेव्हापासून सुरू असलेली गाडी सोडून मी एक पाऊलही जात नाही.

नीलमोहर

बाप रे. मुलगा ठीक आहे हे वाचून जीव भांड्यात पडला.

वीजवाहक

माझी स्कूटर बॅटरीवरची. किल्ली फिरवली की ती तयार असते, मलाच तापायला वेळ लागतो. :)

शून्य_प्रहर

वीजवाहक, थंडीत तुमची रेंज कमी होते ती कुठे गेली? :) आणि शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज करू नये म्हणतात, तेव्हा तापवणं तुम्हालाही सुटलेलं नाही.

वीजवाहक

मान्य! थंडीत रेंज चांगलीच उतरते. चार्जिंग मी घरात, उबेत करतो.

पाऊलखुणा

थोडं अवांतर. माझी जुनी कार्बोरेटरची स्कूटर रोज सकाळी ३-४ मिनिटं तापवल्याशिवाय हलतच नाही. एक्सलेटर दिला की बंद पडते. तापली की छान पळते. म्हणजे तिला वॉर्म-अप लागतोच ना? आणि चार दिवस उभी राहिली की दहा-पंधरा किक माराव्या लागतात.

तेलकट_हात

पाऊलखुणा, अवांतर नाही, बरं झालं विचारलंत. तुमच्या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

चार दिवसांनी किक लागतात ते बऱ्याचदा नॉर्मल असतं. कार्बच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं. तुमच्या गाडीला व्हॅक्युमचा कॉक असेल तर इंजिन फिरल्याशिवाय टाकीतून पेट्रोल उतरत नाही. पहिल्या काही किका वाटी भरण्यातच जातात.

रोज सकाळी ३-४ मिनिटं लागतात ते मात्र बरोबर नाही. ठीक असलेली गाडी चोकवर अर्ध्या मिनिटात हलण्याजोगी व्हायला हवी. स्लो जेट (कमी फेऱ्यांना पेट्रोल देणारं कार्बमधलं बारीक छिद्र) अर्धवट बुजलेला असेल, चोक पूर्ण लागत नसेल किंवा कार्ब आणि हेडच्या मधल्या रबराला बारीक चीर असेल आणि तिथून फुकटची हवा आत जात असेल. टॅपेटही, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवलेली बारीक फट, बघून घ्या. कितीतरी गाड्यांचे टॅपेट वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. फट कमी होत जाते, वाजणं बंद होतं, मालकाला वाटतं गाडी किती शांत झाली! व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन उतरतं, सकाळी सुरू व्हायला कुरकुर करते. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून फट बघायची ती इंजिन पूर्ण थंड असताना. म्हणून मी गाडी आदल्या संध्याकाळी ठेवून घेतो.

पाऊलखुणा

वाजणं बंद झालंय हे अगदी खरं! मी खूश होतो. उद्याच नेतो.

गोगलगाय

माझ्या गाडीला चोकची दांडीच नाही, पण कार्बोरेटर आहे म्हणे. मग चोक कोण देतं?

अभियंता_निवृत्त

ऑटो चोक. कार्बोरेटरवर अंगठ्याएवढा काळा डबा दिसेल, त्याला दोन वायरी असतील. आत मेणाची गोळी आणि तिला तापवणारा छोटा हीटर. इंजिन सुरू झालं की हीटरला वीज मिळते, मेण वितळून फुगतं, एक सुई हळूहळू खाली ढकलतं आणि जास्तीच्या पेट्रोलची वाट बंद होते. काही मिनिटांचा खेळ. थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही, थेंब तसेच राहतात, म्हणून जास्तीचं पेट्रोल द्यावं लागतं. इंजेक्शनच्या गाडीत हेच काम तापमानाचा सेन्सर आणि कंट्रोल युनिट करतं. सायली, तुमची गाडी सकाळी सुरुवातीला जरा वरच्या आवाजात चालते आणि मग आपणहून खाली येते ना? ती स्वतःच स्वतःला सांभाळून घेत असते.

या जास्तीच्या पेट्रोलची एक किंमत आहे. न जळलेले थेंब सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतात आणि पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतात. आयडलिंगला इंजिन स्वतःला फिरवण्यापुरतंच काम करतं, उष्णता कमी निर्माण होते, म्हणून ते या स्थितीत जास्त वेळ राहतं. हलका भार दिला तर लवकर बाहेर येतं. सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचंही तसंच. तो साधारण २५० ते ३०० अंशांच्या पुढे काम करायला लागतो, तोवर धूर जवळपास जसाच्या तसा बाहेर. वरच्या काकूंना रोज तोच वास येतो.

परिचारिका_म

धुराचा विषय निघालाच आहे तर माझं एक ऐका. सायली, तुमचं पार्किंग बंदिस्त आहे का? तळघरात किंवा शटरच्या आत?

गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून घट्ट चिकटतो आणि लवकर सुटत नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते. माणसाला वाटतं झोप नीट झाली नाही किंवा पित्त झालं. थंड इंजिनाच्या जास्त पेट्रोलवाल्या धुरात त्याचं प्रमाण आणखी जास्त. बंद जागेत लहान इंजिनसुद्धा माणसाचा जीव घेऊ शकतं आणि दार किलकिलं ठेवून काम भागत नाही. गाडी ढकलत उघड्यावर आणा, मग सुरू करा. वयस्कर माणूस रोज ५ मिनिटं त्या धुराशेजारी उभा असतो, हे वाचल्यापासून मला चैन नाही.

सायली_स

बाप रे, एवढे प्रतिसाद! सगळे वाचले, काही बाबांना मोठ्याने वाचून दाखवले.

परिचारिका_म, पार्किंग तीन बाजूंनी बंद आहे, पुढे उघडं. बाबा नेमके भिंतीच्या बाजूला उभे राहतात, वारा लागू नये म्हणून. सकाळी त्यांचं डोकं जड असतं अशी त्यांची तक्रार आहे. कारण दुसरंही असेल, पण उद्यापासून गाडी बाहेर आणून सुरू होईल, हे ठरलं.

जुनी_किक, तुमच्या पिस्टनची गोष्ट ऐकून बाबा दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या मित्राची अशीच धरली होती, म्हणून मी थांबायला लागलो." हे मला आजवर माहीत नव्हतं.

तेलकट_हात

सायलीताई, तुमची पहिली पोस्ट पुन्हा वाचली. एक गोष्ट आमच्या सगळ्यांच्या नजरेतून सुटली. रोज अडीच किलोमीटर. परतही तेवढंच, आणि तेही गाडी पूर्ण थंड झाल्यावर?

जमलं तर उद्या एक करा. गाडी थंड असताना ऑइलची डिपस्टिक काढा आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बघा. काय दिसतं ते सांगा.

सायली_स

पाहिलं. टोकाला ऑइल काळपट आहे, पण वर झाकणाच्या आत, आट्यांमध्ये, पिवळट पांढरं सायीसारखं काहीतरी चिकटलंय. बोटाने काढलं तर मऊ आहे. डिपस्टिकला पेट्रोलचा वासही येतोय, की तो माझा भास? हे काय आहे? काळजी करू का?

तेलकट_हात

भास नसेल. घाबरू मात्र नका.

ती साय म्हणजे ऑइल आणि पाणी घुसळलेलं. तुमची गाडी एअरकूल्ड आहे, म्हणजे आत कूलंट नाहीच, त्यामुळे तिथून पाणी शिरलं असं होणार नाही. वॉटरकूल्ड गाडी असती तर मी आधी कूलंटची पातळी बघायला सांगितलं असतं, कारण तिथे गॅस्केट किंवा पंपाचं सील गेलं तरी अशीच साय दिसते. गाडी पाण्यात बुडाली किंवा प्रेशरने धुताना पाणी गेलं असं काही झालं नसेल, तर हे तुमच्या छोट्या फेऱ्यांचं पाणी आहे. अभियंता काका नीट सांगतील.

अभियंता_निवृत्त

सांगतो. पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं, आणि थोडंथोडकं नाही. १ लिटर पेट्रोल जळून साधारण १ लिटर पाणी बनतं. गरम इंजिनात ते वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं. थंडीत सायलेन्सरमधून येणारा पांढरा धूर, थेंब, ते हेच. त्यातला थोडा भाग रिंगांवरून खाली चेंबरमध्ये उतरतो आणि थंड धातूवर जमतो. झाकण सगळ्यात थंड, म्हणून साय तिथे.

ऑइल पुरेसं तापलं की हे पाणी आणि त्यात मिसळलेलं पेट्रोल दोन्ही उडून जातं. पण इंजिनाचं हेड लवकर तापतं, ऑइल बरंच मागून. अडीच किलोमीटरमध्ये ते तापतच नाही. म्हणजे रोज दोनदा पाणी आत येतं आणि बाहेर जाण्याची वेळ येण्याआधी गाडी बंद होते. स्टँडवरची ५ मिनिटं यात मदत करत नाहीत, कारण आयडलिंगवर ऑइल नीट तापत नाही आणि पेट्रोल मात्र उतरत राहतं.

चक्रधर

मी सुरुवातीला 'बटण दाबा आणि निघा' म्हणालो होतो, त्यात दुरुस्ती करतो. माझा रोजचा प्रवास एका बाजूने २२ किलोमीटरचा आहे. माझं इंजिन टिकलं त्यामागे तेच मोठं कारण असावं. सायलीताईंच्या अडीच किलोमीटरला माझा दाखला लागू होत नाही.

शून्य_प्रहर

मग उपाय काय? त्यांनी कामाची जागा तर बदलायची नाही.

तेलकट_हात

एक, ऑइल बदला. किलोमीटर भरले नसतील तरी. अशा वापरात ऑइल महिन्यांवर बदलायचं. मॅन्युअलमध्ये किलोमीटरबरोबर महिनेही दिलेले असतात, ते लोक वाचत नाहीत. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर लगेच बदला, पेट्रोल उतरून वाढलेली असते.

दोन, आठवड्यातून एकदा तरी गाडी सलग अर्धा-पाऊण तास चालवा. मोकळ्या रस्त्यावर, एका लयीत. ऑइल तापलं की साय बरीचशी आपोआप जाईल.

आणि रोज सकाळी: किल्ली फिरवा, सीटखालून पंपाचा 'झूं' आवाज येतो तो २-३ सेकंदांत थांबू द्या, मग सेल्फ. २०-३० सेकंद. फेरे जरा खाली आले, आवाज एकसारखा झाला की निघा. पहिला दीड-दोन किलोमीटर अर्ध्या एक्सलेटरच्या पुढे जाऊ नका.

रानवाट

आणि टायरसुद्धा थंड असतात हो. पहिल्या वळणांना जपून. सकाळी दव असेल तर आणखीच.

जुनी_किक

खूप थंड प्रदेशात, जिथे गोठणबिंदूच्या खाली पारा जातो, तिथे १-२ मिनिटं थांबायला काय हरकत आहे? एवढं तरी माझ्या पदरात टाका.

तेलकट_हात

काहीच हरकत नाही. तिथे मीही थांबेन. टू-स्ट्रोकलाही मिनिटभर द्या. फक्त पिळू नका.

सायली_स

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल माफी.

ऑइल बदललं. काढलेलं ऑइल राखाडी होतं आणि पाण्यासारखं पातळ. गेले तीन रविवार गाडी सलग ४० किलोमीटर चालवून आणते आहोत. आज डिपस्टिक काढली तर आट्या कोरड्या आणि स्वच्छ.

रविवारी गाडी बाबा चालवतात, मी मागे बसते. पहिले दोन किलोमीटर इतके हळू जातात की सायकलवाला पुढे जातो. मग म्हणतात, "आता बघ हं," आणि गाडी मोकळी सोडतात.

रोज सकाळी ते अजून खाली येतात. गाडी ढकलत फाटकाबाहेर आणतात, मी सेल्फ मारते आणि ते घड्याळाकडे बघत उभे राहतात. ३० सेकंद झाले की हात वर करतात. काल मी २५ ला निघाले तर संध्याकाळी विचारलं, "घाई होती का आज?"